पुष्प पाचवं

सेवाग्रामच्या दवाखान्यात सासूबाईंना डोळे तपासायला आत नेलं आणि शरयू व्हरांड्यातल्या बाकावर एकटी उरली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी विसरून गेलेलं पुस्तक पालथं पडलं होतं. त्याला कव्हर नव्हतं, पहिली दोन-चार पानं नव्हती, कडेला तेलाचा डाग होता. हात रिकामे होते म्हणून तिनं ते उचललं आणि उघडलं, तर समोर लिहिलं होतं, 'आर्वीची छोटी गाडी पुलगावाहून सुटायला अद्याप सव्वा तास अवकाश होता.' शरयूनं मान वर करून आजूबाजूला पाहिलं. कुणीतरी आपल्याला नाव घेऊन हाक मारली असं तिला वाटलं. आर्वी तिचं माहेर. त्या छोट्या गाडीनं ती लग्नानंतर सासरी आली होती, बाळंतपणाला गेली होती, वडील गेले तेव्हा रडत गेली होती. पण ही गाडी पुस्तकात असू शकते हे तिला ठाऊक नव्हतं. पुस्तकात पुणं असतं, मुंबई असते, फार तर कलकत्ता. पुस्तकातली माणसं 'का हो?' म्हणायला 'काऊन जी?' असं विचारत नाहीत. या पुस्तकातला तिकीटबाबू तसंच विचारत होता, आणि ज्याला विचारत होता तो भवानराव नावाचा एक पेन्शनर कानूनगो होता, ज्याच्या पिशवीत जमीन मोजायची साखळी होती. आतून कंपाउंडरनं हाक मारली, "भागीरथाबाईंच्या सोबत कोण आहे?" शरयू उठली. पुस्तक बाकावर परत ठेवायचं होतं. ते तिनं सासूबाईंच्या औषधाच्या पिशवीत तळाशी सारलं, आणि वर्ध्याला पोचेपर्यंत टांग्यात त्या पिशवीवर हात ठेवून बसली.

तिनं ते दुपारी वाचलं. रामनगरातल्या त्या दोन खोल्या, ओसरी आणि न्हाणीघराच्या घरात दुपारशिवाय तिच्या वाट्याला वेगळी वेळ नव्हतीच. साडेदहाला तिचा नवरा श्रीनिवास कचेरीत जाई. तो कलेक्टर ऑफिसात रेकॉर्ड विभागात होता, आणि ते सन छप्पन्नचं वर्ष असल्यानं जिल्हा आता मुंबई राज्यात जाणार म्हणून कचेरीत दप्तरांच्या याद्या करायचं काम चाललं होतं. अकराला तिची सात वर्षांची मुलगी सुधा शाळेत जाई. सासूबाई डोळ्यांत थेंब घालून भिंतीकडे तोंड करून पडत. मग एकपासून चारपर्यंत घरात काही घडत नसे. भांडी घासून झालेली असत, धान्य निवडून झालेलं असे. शरयू उंबऱ्याशी बसून समोरच्या कडुनिंबाखालची सावली पाही, आणि ती सावली हलत नाही असं वाटून तिच्या छातीत काहीतरी घट्ट होत येई. तिला कुणी त्रास देत नव्हतं. श्रीनिवास चांगला माणूस होता. शनिवारी पेरू आणायचा, आवाज चढवायचा नाही, जेवताना ताटाकडे पाहून जेवायचा. सासूबाई डोळ्यांना दिसत नसताना हात चाचपडत तिच्या पाठीवरून फिरवायच्या. कुणाला दोष द्यावा असं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच की काय, जे आवळत येई त्याला हात घालायला टोक सापडत नसे. लहानपणी आर्वीला ती एकदा धान्याच्या कोठीत लपली होती आणि बाहेरच्या पोरी खेळ विसरून घरी निघून गेल्या होत्या. कोठीचं झाकण उघडंच होतं. तरी ती संध्याकाळपर्यंत आत बसून राहिली, कारण कुणी शोधायला आलं नव्हतं. तो धान्याचा कोमट वास तिला दुपारी उगाचच येई.

पुस्तकातली गोष्ट अशी होती. एका पेन्शनर शिरस्तेदाराची बायको यमुना भर दुपारी घरातून नाहीशी होते. मागच्या दाराला आतून कडी. खिडक्यांना गज. पुढच्या ओसरीवर धनी स्वतः दुपारभर खाटेवर वर्तमानपत्र वाचत बसलेले. विहिरीत गळ टाकून झाला, नदी पाहून झाली. मग भवानराव कानूनगो येतो आणि घर मोजायला लागतो. भिंतींची जाडी मोजतो, गजांमधलं अंतर मोजतो, न्हाणीची मोरी मोजतो, माळ्यावर चढून कौलं मोजतो. पानामागून पानं नुसती मापं. शरयूला ती मापं वाचताना वाटे, आपण यमुनेच्या घरात आहोत आणि साखळी आपल्या अंगावरून फिरते आहे, असं काहीतरी. शेवटच्या पानावर भवानराव साखळी गुंडाळून ओसरीवर येतो आणि म्हणतो, "या घराला एक वाट अशी आहे जी मी मोजलीच नाही." त्याखाली बारीक टाइपात छापलं होतं : 'वर्धातीर रहस्यमाला, पुष्प चौथे समाप्त. यमुनाबाई कशा गेल्या, हे पुष्प पाचवे यात.'

शरयूनं ते पान उलटलं. मागे कोरं होतं. तिनं पुस्तक मिटलं आणि घरभर फिरली. मागच्या दाराची कडी तिनं काढून पाहिली, लावून पाहिली. खिडकीच्या गजांत डोकं घालून पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटून मागे झाली. भिंतीकडे तोंड केलेल्या सासूबाई म्हणाल्या, "काय शोधून राहिली गं?" ती म्हणाली, "काही नाही आत्याबाई, मांजर आलं होतं."

त्यानंतर तिचं पाचव्या पुष्पाच्या मागे लागणं सुरू झालं. तिनं आधी स्टेशनवर विचारलं. नणंदेला गाडीत बसवायला गेली असताना पाणी आणते म्हणून ती पुस्तकांच्या गाड्याशी गेली. गाडेवाला म्हणाला, "जासूसी? ये लो, हिंदी में है, इलाहाबाद का माल है." ती म्हणाली, मराठी, वर्धातीर. त्यानं मान हलवली. मग तिनं आर्वीला भावाला पत्रात शेवटी दोन ओळी लिहिल्या. भावाचं उत्तर आलं तेव्हा श्रीनिवासनं ते आधी वाचलं, नेहमीसारखं मोठ्यानं, सगळ्यांसमोर. भावानं लिहिलं होतं, 'तू म्हणतेस ती पुस्तकमाला इकडे कुणाला ठाऊक नाही. गाय व्याली.' श्रीनिवास हसला, पत्र घडी करून तिच्या हातात दिलं आणि ताटावर बसला. कुठली पुस्तकमाला, हे त्यानं विचारलं नाही. तिनं विचार करून ठेवलं होतं की विचारलं तर काय सांगायचं. ते तसंच राहून गेलं.

वाचनालयात बायकांना बुधवारी जाता येई. ती सासूबाईंना वाचून दाखवायला पोथ्या आणि संतांची चरित्रं आणायची. तिथले मधुकरराव साठीचे होते, चष्म्याची दोरी मानेत अडकवलेली, हळू बोलणारे. तिसऱ्या बुधवारी तिनं धीर केला.

"वर्धातीर रहस्यमाला?" मधुकररावांनी चष्मा वर केला. "तुम्हाला कुठून कळलं तिचं नाव?"

"एक भाग वाचला. चौथा."

"म्हणजे चौथा निघाला होता." ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग आतल्या कपाटापाशी बराच वेळ वाकून राहिले आणि धुळीनं माखलेलं एक पातळ पुस्तक घेऊन आले. "हे दुसरं. यादीत चढवलेलंच नाही. लिहिणारा आपल्याच भागातला आहे, म्हणून ठेवून दिलं. बाकीचे भाग मी कधी पाहिले नाहीत, बाई."

दुसऱ्या पुष्पात पोळ्याच्या दिवशी सजवलेला बैल गर्दीतून नाहीसा झाला होता आणि भवानरावानं वेशीपासून वेशीपर्यंत गाव मोजलं होतं. पण शरयूचा जीव त्या गोष्टीत नव्हता. पहिल्या पानावर, जे तिच्या चौथ्या पुष्पात फाटलेलं होतं, तिथे छापलं होतं : 'लेखक : तीरवासी. प्रकाशक : महादेवराव केशव देऊळकर, हेडमास्तर, मु. पो. देवळी.' देवळी! मोटारीनं तासाचं अंतर. तिला वाटलं होतं पुस्तक नागपूरहून, पुण्याहून, कुठून तरी लांबून आलं असेल. ते शेजारच्या गावी लिहिलेलं होतं. तिनं कार्ड लिहिलं. उत्तराचा पत्ता घरचा देणं शक्य नव्हतं. तसं पाहिलं तर शक्य होतं, कुणी काही म्हटलं नसतं. श्रीनिवासनं ते मोठ्यानं वाचलं असतं आणि घडी करून दिलं असतं. त्यापेक्षा तिला मधुकररावांचा पत्ता बरा वाटला. दर बुधवारी ती विचारायची आणि ते मान हलवायचे. दोन कार्डं गेली. श्रावण गेला, गणपती गेले. पाचव्या पुष्पाबद्दल तिनं मनात इतकं काही रचलं होतं की ते प्रत्यक्षात तिच्या हाती पडलं असतं तर कदाचित तिला ओळखूच आलं नसतं. मोरीतून गेली असेल यमुना. कौलं काढून गेली असेल. पुरुषाचा वेष करून गेली असेल. धान्याच्या पोत्यात गेली असेल. पोळी लाटताना, सुधाची वेणी घालताना, सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब सोडताना ती यमुनेला त्या घरातून बाहेर काढायचा प्रयत्न करत असे आणि प्रत्येक वेळी ओसरीवर खाटेवर बसलेल्या धन्याशी येऊन अडकत असे.

भाद्रपद संपता संपता एका दुपारी ती देवळीच्या मोटारीत बसली. त्यासाठी तिनं आठवडाभर तयारी केली होती. महिला मंडळात सूतकताईची सभा आहे, यायला उशीर होईल. सभेत कोण बोलणार, सोबत कोण असणार, सगळं जुळवून ठेवलं होतं. सासूबाईंना ती म्हणाली, "मी जरा जाऊन येते." सासूबाई म्हणाल्या, "बरं, दार ओढून घे." एवढंच. सुधा शेजारच्या सीताबाईंकडे शाळेतून परस्पर जाणार होती, त्या म्हणाल्या, "असू द्या ना." मोटार सुटली, दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी कमरेएवढी वाढलेली होती, आणि शरयूला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण न विचारलेल्या खोटेपणाचं गाठोडं मांडीवर घेऊन ती बसली होती आणि ते तिला जड झालं होतं.

हेडमास्तरांचं घर विचारल्यावर एका दुकानदारानं वाट दाखवली. "मास्तर तर गेले ना जी, दोन वर्सं झाले. बाई हायेत, आनंदाबाई." तरी ती पुढे गेली. घर लहान, सारवलेलं. ओसरीवर एक सत्तरीची बारीक बाई मुगाच्या शेंगा वाळवायला पसरलेल्या सुपाशी बसली होती. तिनं शरयूचं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "तुह्ये कार्डं आलते. दोन. मले वाचता येते, लिवता येत नाई. बस माय, पानी घे."

"पाचवं पुष्प छापलं होतं का?" शरयूनं विचारलं. तिचा आवाज तिला परका वाटला.

"नाई."

"मग लिहिलेलं असेल. वह्या असतील."

"वह्या हायेत. कोऱ्या." आनंदाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "चार वर्सं रोज बसत होते थेच वही घेऊन. वर लिवलं, पुष्प पाचवे. खाली काईच नाई. त्याईले मालूमच नोतं नं ते कशी गेली."

शरयूला रडू आलं असतं, पण ज्याच्यासाठी रडायचं ते इतकं हास्यास्पद होतं. एका पुस्तकाचं शेवटचं पान! इतक्या दुपारी तिनं ज्या भिंती चाचपल्या त्यांना बाहेरची बाजूच नव्हती.

"मले मालूम हाय," आनंदाबाई म्हणाल्या.

"काय?"

"ते कशी गेली थे. मीच गेलती." त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. "हेच घर. तवा माह्यं वय असन चाळीस-बेचाळीस. मास्तर या ओसरीवर खाट टाकून पेपर वाचून राह्यले होते. मांगच्या दाराले कडी म्याच लावली होती, कुत्रं येते म्हून. आन मी पुढच्या दारानं गेली. खाट आडवी होती वाटेत. मी आली तर त्याईनं पाय वर घेतले, मले जाऊ द्याले. मी गेली, त्याईनं पाय खाली सोडले. पेपरातून डोये नाई काढले."

"आणि मग?"

"मंग काय. कापसाच्या जिनातून पुलगावले बैलबंडी चालली होती, तिच्यात बसली. टेसनावर रायली रातभर, बायकाच्या खोलीत. गाड्या पायल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वापस आली. घरात ही गर्दी! मले पायलं आन सारे चूप. मास्तरानं इचारलं, कशी गेली तू? मी तं इथंच बसलो होतो. म्हटलं, दारानं गेली. त्याईले पटलंच नाई. म्हने, शक्य नाई. माह्या समोरून माशी नाई गेली." त्या हसल्या, दात नसलेलं, आवाज नसलेलं हसू. "मंग लिवाले बसले. पयले कापसाची गाठ हारवली. मंग बैल. मंग नवरदेव. मंग बाई. हयूहयू माह्यापाशी येत गेले. साखयी घेऊन हे घर खरंच मोजलं बाप्पा त्याईनं, पंचायतीतून आणून. मी भाकरी करत राहो आन ते मोरी मोजत राहो."

शरयूला दिसलं : चुलीपुढे बसलेली ही बाई, आणि शेजारून वाकून जाणारा, साखळी ओढणारा तिचा नवरा. तिच्या इतक्या जवळून जाणारा की साखळी तिच्या पदराला लागत असेल. तिला एकदम त्या मेलेल्या मास्तरांचीही कीव आली. त्यांनाही बाहेर पडता आलं नव्हतं.

"पण तुम्ही का गेला होतात?" ती म्हणाली.

आनंदाबाईंचे हात थांबले. त्यांनी शरयूकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. एक बंडी घरावरून गेली, तिचा आवाज गेला.

"हे इचारनारी तूच पयली," त्या म्हणाल्या. "सारं गाव इचारे, कशी गेली. काऊन गेली हे कोनी इचारलं नाई. उत्तर होतं माह्यापाशी, पोरी. टेसनावर बसल्या बसल्या साफ केलं होतं, एकेक शब्द. वापस येताना बंडीत घोकत आली. म्हटलं, इचारलं का सांगाचं." त्यांनी सूप थोडं पुढे सरकवलं. "कितीक वर्सं ध्यानात होतं. आता पाय, नाई आठवत."

"थोडं तरी?"

"नाई वं. काईच नाई." मग त्या उठल्या, आतून मूठभर गूळ आणि चार कोऱ्या वह्या घेऊन आल्या. वह्या शरयूनं घेतल्या नाहीत. गूळ घेतला. मोटारीची वेळ झाली होती. आनंदाबाई ओसरीच्या पायरीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "येत जाजो," आणि लगेच, जणू ते जास्त झालं म्हणून, शेंगांकडे वळल्या.

परतीच्या मोटारीत ती उभीच होती, गर्दी होती. ती स्वतःला सांगत होती की चला, आता कळलं, दारानं गेली, संपलं. पण संपत नव्हतं. मोरी, कौलं, गज, पोती, इतक्या दिवसांच्या त्या सगळ्या वाटा एकेक करून बंद झाल्या आणि एकच राहिली, जी पहिल्यापासून उघडी होती, जिच्यातून ती आज स्वतःच बाहेर आली होती आणि आता परत आत चालली होती. कुणी पाय वर घेईल, कुणी म्हणेल दार ओढून घे. तिला पुलगावच्या बाकावर बसलेली चाळीस वर्षांची बाई दिसली, ओठ हलवत उत्तर पाठ करणारी. आपण काय पाठ करतो आहोत? तिनं शोधलं. महिला मंडळ, सूतकताई, कोण बोललं, एवढंच सापडलं. त्याच्या खाली काही नव्हतं.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. सुधा अभ्यासाला बसली होती, सासूबाई जप करत होत्या. "आलीस का," त्या म्हणाल्या. श्रीनिवास कचेरीतून दमून आला होता. दिवसभर आर्वी तहसिलीची दप्तरं लावली, म्हणाला. तिनं हातपाय धुतले, पोळ्या केल्या, त्याचं पान वाढलं. तो ताटाकडे पाहून जेवू लागला. तिनं वरण वाढलं. त्यानं पुरे म्हणून हात आडवा धरला. महिला मंडळाबद्दल कुणी विचारलं नाही. शरयू भांडं हातात धरून उभी राहिली आणि मग म्हणाली, "मी आज देवळीला गेले होते."

श्रीनिवासचा हात थांबला. त्यानं वर पाहिलं. तिला वाटलं आता तो विचारेल, मोटार मिळाली का, गर्दी होती का, एकटी गेलीस का. त्यानं घास ताटात परत ठेवला आणि विचारलं, "कशाला?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, संशय नव्हता. त्याला खरंच ठाऊक करून घ्यायचं होतं. चष्म्यामागे त्याचे दमलेले डोळे पूर्ण उघडे होते, आणि ते ताटावर नव्हते, तिच्यावर होते. इतक्या वर्षांत असे आपल्यावर टेकलेले डोळे तिला आठवत नव्हते. तिचं तोंड उघडलं, आणि आत अगदी रिकामं होतं.

"पुस्तक पाहायला," ती म्हणाली.

"मिळालं?"

"नाही. लिहिलंच गेलं नाही म्हणे."

"असं." तो क्षणभर थांबला, आणखी काही येतं का ते पाहत. मग त्यानं उरलेला घास संपवला, आपोशन घेतलं आणि हात धुवायला मोरीकडे गेला. पाण्याचा आवाज आला. तो आता पंचाला हात पुसेल, ओसरीवर जाईल, पेपर उघडेल. त्यानं विचारलं होतं. आता यापुढे तो विचारणार नाही आणि त्याचा त्यात काही दोष असणार नाही.

"अहो," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा आला. सुधानं पाटीवरून डोकं वर केलं.

तो वळला. हातांवरून पाणी ठिबकत होतं.

"मला दुपारी फार भीती वाटते," शरयू म्हणाली.

हे वाक्य तिनं पाठ केलेलं नव्हतं. ते आपल्यात होतं हेही तिला ठाऊक नव्हतं. ते बाहेर पडल्यावर किती लहान आणि वेडगळ दिसत होतं!

"कशाची?"

"माहीत नाही."

श्रीनिवासनं पंचाकडे पाहिलं, ओसरीकडे पाहिलं. मग तो तसाच, ओल्या हातांनी, उष्ट्या ताटापुढच्या पाटावर येऊन परत बसला. शरयू समोर खाली बसली. आतून सासूबाईंनी जप थांबवून विचारलं, "काय झालं गं?" दोघांपैकी कुणीही उठलं नाही.